‘रिस्ट्राइक’ कशाला म्हणायचे? ब्रिटिश टोपीबिल्ल्यांच्या अस्सलपणाची पार्श्वभूमी

1881 च्या फेररचनेत ब्रिटिश पायदळातल्या रेजिमेंटांचे क्रमांक गेले, काउंट्यांची नावे आली आणि क्रमांक कोरलेले ग्लेनगॅरी टोपीवरचे बिल्ले बाद झाले. संग्राहक आज ज्याला टोपीबिल्ला म्हणतात, तो साध्या शिपायाच्या टोपीवर आला 1890 च्या दशकाच्या अखेरीस. व्हिक्टोरिया राणी जानेवारी 1901 मध्ये वारली. त्यामुळे तिच्या मुकुटाचे टोपीबिल्ले अवघी काही वर्षेच निघाले, आणि नक्कल करणाऱ्यांची नजरही त्यांच्यावर अधिक. पुढे 1950 च्या दशकापर्यंत घुमटासारख्या कमानींचा ‘किंग्ज क्राउन’, त्यानंतर मधोमध खचलेल्या कमानींचा मुकुट. मुकुटावरून काळ ठरवण्याची सवय चांगली. पण कितीतरी बिल्ल्यांवर मुकुटच नसतो, आणि असलेला मुकुट नकलेतही उतरतोच.

सगळ्यात जास्त गुंता ‘रिस्ट्राइक’ या शब्दाने केला आहे. मूळ अर्थ सरळ होता: जुन्याच डायवर, म्हणजे पत्र्यावर नक्षी उमटवणाऱ्या ठशावर, पण नंतरच्या काळात मारलेला बिल्ला. बिल्ले खासगी कारखाने बनवत आणि डाय बहुधा त्यांच्याकडेच राहत. 1957 च्या संरक्षण धोरणानंतर अनेक रेजिमेंटांचे विलीनीकरण झाले. त्याच सुमारास पितळेच्या जागी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम येऊ लागले. जुन्या डायना सरकारी काम उरले नाही, संग्राहकांची मागणी मात्र वाढत गेली. मग त्याच डायवर पुन्हा बिल्ले निघाले. इथवर शब्द प्रामाणिक आहे. पुढे बाजाराने तो नव्या डायवरच्या नकलांना लावला आणि शेवटी साच्यात ओतलेल्या मालालाही. ‘रिस्ट्राइक’ म्हटले की नक्कल म्हणावे लागत नाही, ही विक्रेत्याची खरी सोय.

डाय अस्सल असली की बिल्लाही अस्सल, असे मानणारे जाणकार आहेत. माजी सैनिकाने हरवलेल्या बिल्ल्याच्या जागी त्याच कारखान्यातून नवा घेतला तर त्याला खोटा कसे म्हणायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. तरीही मला ते पटत नाही. शिपायाच्या टोपीवर लावण्यासाठी जो घडला तो एक आणि संग्राहकाच्या ट्रेसाठी जो घडला तो दुसरा. दोघांना एकच नाव देता येत नाही.

ओतीव नक्कल ओळखणे त्या मानाने सोपे. ठशाने मारलेल्या पत्र्याच्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा उलटा उठाव खोलगट दिसतो. ओतीव मालाची पाठ बऱ्याचदा भरीव, बारीक खड्ड्यांची असते आणि अक्षरांच्या कडा बोथट. रिस्ट्राइकला ही कसोटी लागू पडत नाही, कारण ठसा खराच असतो. तिथे पाहायचे ते पाठीकडचे जोडकाम: स्लायडरची (बिल्ला टोपीत अडकवायच्या पाठीमागच्या उभ्या पट्टीची) किंवा कड्यांची जाडी, डाख, आणि समोरची झीज पाठीशी जुळते का.

उलटी चूकही होते. 1916 मध्ये युद्धाच्या काटकसरीत एरवी पितळ आणि व्हाइट मेटल (चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) अशा दोन धातूंत निघणारे बरेच बिल्ले नुसत्या पितळेत निघाले. नेहमीचा नमुना डोक्यात धरून बसलेले लोक आजही त्यांना नकली समजून बाजूला टाकतात.