परदेशी विद्यापीठांचे सप्लिमेंटल निबंध: नाशिकच्या मुलांचे अर्ज कुठे अडकतात

अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठांत पदवीसाठी अर्ज करताना पात्रता सहसा आडवी येत नाही. बारावीत असलेला किंवा बारावी झालेला विद्यार्थी अर्ज करू शकतो, मग बोर्ड महाराष्ट्राचं असो की सीबीएसई. १ ऑगस्टला कॉमन ॲप, म्हणजे अनेक विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची वेबसाइट, नव्या वर्षासाठी खुलं होतं. खातं काढायचं, विद्यापीठं निवडायची (जास्तीत जास्त २०), मुख्य निबंध ६५० शब्दांच्या आत लिहायचा. तो सगळीकडे एकच जातो. इथवर बहुतेक जण नीट येतात. घोळ पुढे होतो, प्रत्येक विद्यापीठ स्वतःसाठी वेगळे मागतं त्या सप्लिमेंटल निबंधांत.

पहिली फसगत म्हणजे प्रश्न दिसतच नाहीत. यादीत विद्यापीठ टाकलं की सगळे निबंध समोर येतील, असा समज असतो. पण कोणत्या सत्रासाठी आणि कोणत्या विषयासाठी अर्ज करताय, हे त्या विद्यापीठाच्या प्रश्नावलीत भरल्याशिवाय काही निबंध उघडत नाहीत. कॉर्नेलमध्ये तर आतल्या प्रत्येक कॉलेजचा प्रश्न निराळा. म्हणून विषय ऑगस्टमध्येच भरून ठेवा, सबमिट करेपर्यंत तो बदलता येतो. दुसरं, काही विद्यापीठांचं रायटिंग सप्लिमेंट वेगळं सबमिट करावं लागतं. मुख्य अर्ज गेला, फी कापली गेली, घरात पेढे आले आणि सप्लिमेंट तसंच पडून, असं होतं. एवढी मोठी गोष्ट ठळक अक्षरांत सांगायला कुणाचं काय जातं, कोण जाणे. डॅशबोर्डवर दोन्हींपुढे खूण दिसेपर्यंत लॅपटॉप मिटू नका.

‘हेच विद्यापीठ का?’ या प्रश्नावर सर्वाधिक निबंध पडतात. येलनं यासाठी १२५ शब्द दिलेत, म्हणजे सात-आठ वाक्यं. त्यातली तीन ‘जागतिक दर्जाचे प्राध्यापक’ आणि ‘सुंदर कॅम्पस’ यांतच गेली, तर उरलं काय? क्रमांक, हवामान, नोबेल विजेत्यांची संख्या विद्यापीठवाल्यांना ठाऊक आहे. त्यांना तुमचा प्रश्न हवा असतो.

समजा निफाडच्या मुलीला कृषी अर्थशास्त्र शिकायचंय. ‘कांदा उत्पादकांचे हाल पाहून मन हेलावलं’ हे कुणीही लिहील. पण ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, तिच्या आधीचे आणि नंतरचे लासलगावचे किमान, कमाल आणि सरासरी भाव तिनं वहीत मांडून पाहिले असतील, तर गोष्ट बदलते. त्या हंगामातला लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा चाळीत महिनोन् महिने टिकत नाही, त्यामुळे भाव कोसळला तरी तो विकावाच लागतो. साठवण आणि भाव यांचा हा संबंध तिला आणखी खोलात समजून घ्यायचा असेल, तर तिच्याजवळ निबंध आहे. मग त्या प्रश्नाला भिडणारा एखादा कोर्स किंवा प्रयोगशाळा शोधायची. नाव चालू वर्षाच्या कॅटलॉगमध्ये तपासा. कधीच निवृत्त झालेल्या प्राध्यापकांकडे शिकायची इच्छा लिहिली, तर उरलेला निबंध कितीही चांगला असो, उपयोग नाही.

दुसरा ठरलेला प्रश्न पार्श्वभूमीचा किंवा समाजाचा. २९ जून २०२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करण्याच्या पद्धती रद्द ठरवल्या, मात्र अर्जदारानं आपल्या आयुष्यावर झालेल्या परिणामाबद्दल लिहिलं तर ते विचारात घ्यायला मोकळीक ठेवली. त्यानंतर बऱ्याच विद्यापीठांनी हा प्रश्न घातला. नाशिकची मुलं इथे हमखास कुंभमेळा लिहितात. लिहा, पण २०० शब्दांतले दीडशे आखाडे आणि शाहीस्नान समजावण्यात गेले की तुम्ही त्यात उरत नाही. शिवाय २०१५ च्या कुंभात तुम्ही फार तर पहिली-दुसरीत होता, हे जन्मतारखेवरून त्यांना दिसतं. सोसायटीतला पाण्याच्या टँकरचा हिशेब तुम्ही ठेवत असाल, तर तो विषय जास्त तुमचा आहे.

निबंध ‘लिहून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. दुसऱ्यानं किंवा एआयनं लिहिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन ॲप फसवणूक मानतं, आणि मजकूर आपलाच असल्याचं सबमिट करताना तुम्ही सहीनिशी कबूल करता. शिक्षकांनी चुका दाखवणं वेगळं.

कागदपत्रांत अडतं ते नववीपाशी. अमेरिकेला नववी ते बारावीचा हिशेब हवा असतो, आणि आपल्याकडे दहावीनंतर शाळा सुटते. जुन्या शाळेत ‘नववीचं आता काय करायचंय?’ असं ऐकवलं जातं. तोंडी विनवण्या करू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कौन्सिलर, म्हणजे शाळेतर्फे विद्यार्थ्याची माहिती विद्यापीठाला देणारा मार्गदर्शक, हे पद बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत नसतंच. त्यांचा फॉर्म प्राचार्य किंवा उपप्राचार्य भरू शकतात, शक्यतो कॉलेजच्या ई-मेलवरून. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, पासपोर्टवर रकाने वेगळे. अर्जात आणि इंग्रजीच्या परीक्षेत पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा.

अर्ली डिसिजन आणि अर्ली ॲक्शन या लवकर अर्ज करायच्या दोन वाटा, त्यांत गल्लत नको. अर्ली डिसिजन बांधून घेतं: प्रवेश मिळाला तर जायचंच, आणि करारावर पालक व कौन्सिलर दोघांच्याही सह्या लागतात. अर्ली ॲक्शनमध्ये असं बंधन नसतं. दोन्हींची तारीख अनेक ठिकाणी १ नोव्हेंबर आहे, आणि दिवाळीची सुट्टी त्याच्या आगेमागेच असते. कॉलेजच्या ऑफिसला कुलूप, शिक्का कपाटात. शिफारसपत्रं सप्टेंबरातच मागा.

वेळेचंही तसंच. अमेरिका आपल्या मागे, म्हणजे २ तारखेच्या सकाळी साडेनऊपर्यंत मुदत, असं गणित घराघरांत मांडलं जातं. ते चूक आहे. कॉमन ॲपवर मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेनं मोजतात, म्हणजे नाशिकमध्ये १ तारखेच्या रात्री ११.५९. ब्रिटनचं उलट: ऑक्सफर्ड-केंब्रिजसाठी यूकॅसची (तिथल्या सामाईक प्रवेश अर्जाची) मुदत १५ ऑक्टोबरला तिथल्या संध्याकाळी सहाला संपते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात.