सत्तावीसपैकी सत्तावीस : अमेरिकेतल्या काठावरच्या जागांचं गणित

‘कुक पोलिटिकल रिपोर्ट’ हा निवडणुकांचं विश्लेषण करणारा अमेरिकी अहवाल १९८४ पासून एकच काम करतो. अमेरिकेतली प्रत्येक लढत कुठे झुकली आहे ते सांगायचं. त्यांच्या चार पायऱ्या आहेत : ‘सॉलिड’ म्हणजे बालेकिल्ला, ‘लाइकली’ म्हणजे बहुतेक निश्चित, ‘लीन’ म्हणजे झुकलेली आणि ‘टॉस-अप’ म्हणजे नाणेफेक. २०२० च्या मतदानाआधीच्या त्यांच्या शेवटच्या यादीत हाउसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, २७ जागा नाणेफेकीच्या होत्या. सत्तावीसच्या सत्तावीस रिपब्लिकन पक्षाने जिंकल्या. त्यातली आयोवाची एक जागा तर १,९६,९६४ विरुद्ध १,९६,९५८ अशी सुटली. सहा मतांनी!

खरंच २७ नाणी उडवली तर सगळ्यांवर छापा पडण्याची शक्यता १३ कोटी ४२ लाखांत एक. मग कुकवाल्यांना काही कळत नव्हतं असं म्हणायचं का? नाही. एकेका जागेबद्दलचा त्यांचा अंदाज वाईट नव्हता. चूक झाली ती यादी वाचणाऱ्यांची. ही सगळी सुटी-सुटी नाणी आहेत असं धरलं की पुढचं सगळं गणित बिघडतं.

पुढे जाण्याआधी दोन शब्दांची अडचण दूर करू. आपल्याकडे ‘मध्यावधी निवडणूक’ म्हटलं की सरकार पडलं, सभागृह विसर्जित झालं असं मनात येतं. अमेरिकेत तसं काही होत नाही. राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या मुदतीच्या बरोबर मध्यावर, ठरलेल्या मंगळवारी ही निवडणूक होते. पुढची ३ नोव्हेंबर २०२६ ला आहे. आणि काँग्रेस म्हणजे तिथली संसद. तिच्या खालच्या सभागृहाच्या, म्हणजे हाउसच्या, सर्व ४३५ जागा दर दोन वर्षांनी निवडल्या जातात. सेनेटच्या शंभरपैकी सुमारे एक तृतीयांश जागांवर मतदान होतं. इथे मी हाउसबद्दलच लिहितो आहे, कारण नमुना मोठा असला की गणिताला हात घालता येतो.

४३५ पैकी खरी चुरस असते ती मोजक्या काही डझन जागांवर. बाकीच्या जागांवर नोव्हेंबरचं मतदान हा उपचार असतो. तिथली लढाई उन्हाळ्यातच, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात संपते. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार हे चांगलं उदाहरण. मिशिगनचा त्यांचा १३ वा मतदारसंघ डेट्रॉइटच्या भागातला, डेमोक्रॅट पक्षाचा बालेकिल्ला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये गर्दीच्या प्रायमरीत त्यांना तीस टक्क्यांहूनही कमी मतं पडली, पण प्रतिस्पर्ध्यांत मतं विभागली गेली आणि ते पुढे आले. नोव्हेंबरचा निकाल तिथेच ठरला.

काठावरची जागा ओळखायची पहिली पट्टी म्हणजे मतदारसंघाचा मूळ कल. कुकचा ‘पीव्हीआय’ हा निर्देशांक असा काढतात : शेवटच्या दोन अध्यक्षीय निवडणुकांत त्या मतदारसंघात दोन मुख्य पक्षांना कसं मत पडलं ते पाहायचं, ताज्या निवडणुकीला तीन भाग आणि आधीच्या निवडणुकीला एक भाग वजन द्यायचं, आणि देशाच्या आकड्याशी तुलना करायची. रिपब्लिकन पक्षाला देशापेक्षा दोन पॉइंट (शंभर मतांमागे दोन) जास्त वाटा मिळाला असेल तर ‘आर अधिक २’.

इथे वाचकाचा पाय हमखास घसरतो. हा आकडा मतांच्या वाट्याचा आहे, फरकाचा नाही. एकाचा वाटा दोनने वाढला की दुसऱ्याचा दोनने घटतो, म्हणजे फरक चारने बदलतो. समजा, देशभर डेमोक्रॅट सहा पॉइंटच्या फरकाने पुढे आहेत. ‘आर अधिक २’ जागेत त्यातले चार वजा करायचे. उरले दोन, डेमोक्रॅटच्या बाजूने. पण तिथला विद्यमान खासदार रिपब्लिकन आहे, ओळखीचा आहे, लोकांची कामं करून देतो. त्याचे वैयक्तिक दोन पॉइंट धरले की हिशेब शून्यावर येतो. टॉस-अप जागा अशी तयार होते. वाटा आणि फरक यांची गल्लत केली असती तर तुम्ही हीच जागा डेमोक्रॅटच्या खिशात टाकली असती.

विद्यमान खासदाराचा हा फायदा पूर्वी बराच मोठा असे, आता आक्रसला आहे. लोक माणसाला नव्हे, पक्षाला मत देतात. २०२४ मध्ये अध्यक्षपदाच्या मतदानात ट्रम्प यांनी जिंकलेल्या फक्त १३ मतदारसंघांतून डेमोक्रॅट निवडून आले आणि कमला हॅरिस यांनी जिंकलेल्या फक्त तीन मतदारसंघांतून रिपब्लिकन : नेब्रास्काचा दुसरा, न्यूयॉर्कचा सतरावा, पेन्सिल्व्हेनियाचा पहिला. असा खासदार निवृत्त झाला की त्याच्याबरोबर त्याचे वैयक्तिक पॉइंटही जातात. म्हणून नेब्रास्काच्या दुसऱ्या मतदारसंघातून डॉन बेकन यांनी २०२६ मध्ये उभं न राहण्याचं जाहीर करताच यादीतली त्या जागेची पायरी हलली. मतदार तेच होते.

वरच्या हिशेबातला ‘देशभर सहा’ हा आकडा येतो कुठून? त्याचा अर्धा भाग इतिहासातच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्यावधीत राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या हाउसमधल्या जागा दर वेळी घटल्या. अपवाद १९९८ आणि २००२. ओबामांच्या पक्षाने २०१० मध्ये ६३ जागा गमावल्या, ट्रम्प यांच्या पक्षाने २०१८ मध्ये सुमारे ४०, बायडेन यांच्या पक्षाने २०२२ मध्ये जेमतेम नऊ. कारण बऱ्याच अंशी उपस्थितीत आहे. २०१४ च्या मध्यावधीत पात्र मतदारांपैकी सुमारे ३६ टक्केच मतदानाला आले, २०१८ मध्ये जवळजवळ निम्मे. सत्तेवर खूश असलेला माणूस घरी बसतो, चिडलेला रांगेत उभा राहतो. आकड्याचा दुसरा अर्धा भाग सर्वेक्षणातून : ‘तुमच्या भागात कोणत्या पक्षाला मत द्याल?’ हा नाव न घेता विचारलेला प्रश्न आणि राष्ट्राध्यक्षांच्या कामाबद्दलचं समाधान.

मतदारसंघातली सर्वेक्षणं मात्र जपून वाचावीत. नमुना बहुधा ४०० ते ६०० जणांचा असतो. ४०० जणांना विचारलं तर एका उमेदवाराच्या वाट्यात अधिक-उणे ४.९ पॉइंटची चूक संभवते, आणि दोघांमधल्या फरकात तिच्या जवळपास दुप्पट. ‘अमुक तीनने पुढे’ या बातमीत अमुक साताने मागे असणंही बसतं. ही झाली निव्वळ योगायोगाची चूक. फोनच न उचलणाऱ्यांची चूक वेगळी : प्यू या सर्वेक्षण संस्थेच्या दूरध्वनी सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक उत्तर देत, २०१८ मध्ये ६ टक्के. शिवाय पक्षांनी स्वतः करून घेतलेली सर्वेक्षणं बाहेर येतात तीच मुळी आकडे अनुकूल असले तर. प्रतिकूल आली की ती कपाटात जातात, म्हणून छापून आलेल्यांची सरासरी मुळातच वाकडी असते.

आता त्या सत्तावीस नाण्यांकडे. एका जागेच्या अंदाजात एकूण सहा-सव्वासहा पॉइंटची चूक धरू आणि तिचे दोन तुकडे करू. एक तुकडा स्थानिक : उमेदवार कसा निघाला, कारखाना बंद पडला का, पाऊस होता का. तो जागेगणिक वेगळा. साडेपाच पॉइंट समजू. दुसरा तुकडा सगळ्यांना सामाईक : सर्वेक्षणांनी एका पक्षाचे मतदार देशभर कमी मोजले, शेवटच्या आठवड्यात हवा फिरली. तो तीन पॉइंट समजू. सुट्या चुका सरळ मिळवत नाहीत, त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढतात, म्हणून एकूण साडेआठ नव्हे, सव्वासहा.

सामाईक चूक शून्य असेल तर २७ पैकी सरासरी साडेतेरा जागा एका पक्षाला मिळतील आणि बहुधा आकडा ८ ते १९ च्या दरम्यान राहील. सामाईक चूक तीन पॉइंटची निघाली की प्रत्येक नाणेफेक ७१-२९ होते. एकाला सरासरी १९ जागा. सहा पॉइंटची निघाली तर ८६-१४, २३ जागा. अशा वेळी सत्तावीसच्या सत्तावीस एकाकडे जाण्याची शक्यता साठात एक एवढी येते. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत, पण मुद्दा त्यांच्यावर अवलंबून नाही : १३ कोटींत एक आणि साठात एक यांतलं अंतर निव्वळ त्या सामाईक तुकड्यामुळे पडलं. आंब्याच्या बागेत एकेका झाडाचा मोहोर गळायला शंभर कारणं असतील. अवकाळी आला की सगळी बाग एकदमच जाते. म्हणून चांगली प्रारूपं, म्हणजे निकालाचा अंदाज बांधणारी संगणकी गणितं, आधी सामाईक चूक उचलतात, ती ४३५ जागांना लावतात, मग प्रत्येक जागेची स्थानिक चूक मिसळतात, आणि हे हजारो वेळा करतात.

पैशाची हालचाल सर्वेक्षणाइतकंच सांगते, कधी जास्त. संघीय निवडणूक आयोगाकडे उमेदवारांचे तिमाही हिशेब १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबरला येतात. एकूण २०० डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचं नाव त्यात द्यावं लागतं. पण शिल्लक किती यापेक्षा ती कुणाची हे महत्त्वाचं. मतदानाआधीच्या ६० दिवसांत टीव्ही वाहिन्यांना उमेदवारांच्या जाहिराती सर्वांत कमी दराने दाखवाव्या लागतात. ‘सुपर पॅक’ना, म्हणजे उमेदवारापासून वेगळे राहून प्रचारावर खर्च करणाऱ्या बाहेरच्या गटांना, ही सवलत नाही. उमेदवाराच्या दहा लाखांत जितका वेळ मिळतो, तितका बाहेरच्यांच्या दहा लाखांत मिळत नाही. या दोघांनी आपसांत संगनमत करायला कायद्याची मनाई आहे. तेव्हा काय करतात? उमेदवार आपल्या संकेतस्थळावर लाल चौकटीत ‘मतदारांना हे कळायला हवं’ म्हणून मजकूर टाकतो, आणि आठवड्याभरात तोच मजकूर सुपर पॅकच्या जाहिरातीत ऐकू येतो. सगळं उघड, म्हणून कायदेशीर! पक्षाच्या गटांनी वसंतात राखून ठेवलेल्या ऑक्टोबरच्या जाहिराती सप्टेंबरात गुपचूप रद्द केल्या की समजावं, त्यांच्या घरच्या आकड्यांत ती जागा गेली.

२०२६ साठी आणखी एक भानगड आहे. मतदारसंघांचे नकाशे एरवी दहा वर्षांनी, जनगणनेनंतर बदलतात. पण २०२५ मध्ये टेक्सासने रिपब्लिकन पक्षाला पाच जादा जागा मिळाव्यात म्हणून मध्येच नवा नकाशा आणला. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘प्रपोझिशन ५०’ मंजूर करून डेमोक्रॅटना तितक्याच जागांची सोय केली. पक्षीय हेतूने नकाशे वाकवण्याचे वाद संघीय न्यायालयांच्या कक्षेत येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगून ठेवलं आहे. युक्त्या दोन : विरोधकांचे मतदार एका जागेत कोंबायचे, नाहीतर चार जागांत विखरून टाकायचे. विखरण्यात जोखीम असते. चार जागा प्रत्येकी १५ पॉइंटने पक्क्या होत्या. पाचवी मिळवण्यासाठी लोणी पातळ पसरलं आणि पाचही सात-सातवर आल्या. आठ पॉइंटची उलटी लाट आली तर पाचही जातात. तिथले जाणकार याला ‘डमीमँडर’ म्हणतात. अशा नव्या जागांचा पीव्हीआय जुन्या मतदान केंद्रांचे निकाल नव्या सीमेत एकेक करून बसवून काढावा लागतो.

यादीचं सगळ्यात मोठं अपयश टॉस-अपमध्ये नसतं, ‘जवळपास पक्की’ म्हणून कुणी पाहिलंच नाही अशा जागेत असतं. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या तिसऱ्या मतदारसंघात ‘फाइव्हथर्टीएट’ या अंदाज वर्तवणाऱ्या संकेतस्थळाच्या प्रारूपाने डेमोक्रॅट मारी ग्लूसेनकँप पेरेझ यांना शंभरात दोन संधी दिली होती, त्या जिंकल्या. विद्यमान रिपब्लिकन खासदार ऑगस्टच्या प्रायमरीतच पडल्या होत्या आणि पुढे आलेला उमेदवार बराच कडवा होता. ज्या जागेबद्दल सर्वेक्षणं होत नाहीत तिथे प्रारूप जुन्या कलावरच विसंबतं. त्याच निवडणुकीत कोलोराडोच्या तिसऱ्या मतदारसंघात रिपब्लिकन खासदार लॉरेन बोबर्ट अवघ्या ५४६ मतांनी वाचल्या. तीही जागा नाणेफेकीची मानली गेली नव्हती.

२०२४ मध्ये हाउस २२०-२१५ असं विभागलं गेलं. म्हणजे डेमोक्रॅटना २१८ गाठायला निव्वळ तीन जागा पुरतात आणि वरच्या हिशेबातली तीन पॉइंटची सामाईक चूकही बहुमत इकडचं तिकडे करू शकते. निकाल पाहायला बसणाऱ्यांनी ४ नोव्हेंबरला पहाटे उठावं : इंडियाना आणि केंटकीच्या काही भागांतलं मतदान भारतीय वेळेनुसार साडेचारला संपतं, व्हर्जिनियातलं साडेपाचला. पहिल्या तासाचे आकडे मात्र फसवे असतात. पेन्सिल्व्हेनियात टपालाची, बहुतांशी डेमोक्रॅट मतदारांची, पाकिटं मतदानाच्या दिवशी सकाळी सातपूर्वी उघडता येत नाहीत, म्हणून तिथे सुरुवातीला रिपब्लिकन पुढे दिसतात आणि मग आघाडी वितळत जाते. कॅलिफोर्नियातलं मतदान आपल्याकडे सकाळी साडेनऊला थांबतं, पण मोजणी आठवडे चालते. पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळली नाही तर मतदाराला कळवून ती दुरुस्त करून घेतली जाते, आणि अशी मतं वाचवायला दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते याद्या घेऊन दारोदार फिरतात. तिथल्याच मर्सेड शहराच्या आसपासच्या तेराव्या मतदारसंघात २०२२ ला रिपब्लिकन जॉन दुआर्ते ५६४ मतांनी जिंकले होते. २०२४ ला डेमोक्रॅट अ‍ॅडम ग्रे यांनी त्यांना २ लाख १० हजारांहून जास्त मतांत १८७ मतांनी हरवलं. निकाल कळायला डिसेंबर उजाडला.