शिंप्याचं गणित, वास्तुकाराचं छत

कापड सपाट असतं, अंग सपाट नसतं. शिवणकामातली बरीचशी डोकेदुखी इथूनच सुरू होते. संत्र्याची साल टेबलावर दाबली की फाटते; उलट सपाट कागद चेंडूवर बसवायला गेलं की चुण्या पडतात. ताणल्या-फाडल्याशिवाय हे जमणारच नाही, असं गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध केलं. म्हणून तर शिंपी टक्स घेतात, कळ्या जोडतात.

विणलेलं कापड मात्र कागदापेक्षा बरंच समजूतदार. एक रुमाल घ्या. उभ्या धाग्याच्या दिशेने ओढा, फारसा ताणत नाही. आडव्या दिशेनेही तेच. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरपा ओढा. रुमाल लांबतो आणि मधे अरुंद होतो. धागे जवळपास तेवढेच राहतात. बदलतो तो त्यांच्यातला कोन. मादलेन व्हियोने या फ्रेंच डिझायनरचे १९२०च्या दशकातले तिरप्या कापाचे झगे अंगावर इतके चपखल बसत ते याच जोरावर.

चेबिशेव या रशियन गणितज्ञाने १८७८ साली पॅरिसमध्ये चक्क कपड्यांच्या कापावर व्याख्यान दिलं. धाग्यांची लांबी कायम, कोन मोकळे, एवढंच धरून त्याने चेंडूवर बसणारं कापड कसं बेतायचं ते काढलं. शिंप्यांना त्याचा उपयोग झाला असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या हातांना ते आधीच ठाऊक होतं. पण हीच भूमिती पुढे इमारतीत दिसली.

जर्मनीत मानहाइमला १९७५ साली मल्टिहाले हे बहुउद्देशीय सभागृह उभं राहिलं, वास्तुकार कार्लफ्रीड मुत्शलर आणि फ्राय ओटो. आधी छोट्या नमुन्यात बारीक साखळ्यांची जाळी टांगून तिला पडलेला झोळ उलटा केला, की छताचा आकार मिळाला. मग पाच सेंटिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्यांची, अर्ध्या मीटरच्या घरांची जाळी सपाट अंथरली. सांध्यांवर बोल्ट लावले, पण सैल. जाळी खालून उचलत नेली तशा पट्ट्या वाकल्या, सांध्यांवर फिरल्या, चौकोन तिरपे झाले आणि सपाट जाळीला घुमटाची गोलाई आली! आकार जमल्यावर बोल्ट आवळले. वर तिरप्या दिशेने तारा ताणल्या, कारण रुमाल ज्या दिशेने लांबतो, त्याच दिशेने छतही वाऱ्यात सरकलं असतं.

सुयांवरच्या विणकामात तर कापायचीही गरज नाही. टाके वाढवत-घटवत गेलं की गोलाई विणतानाच येते. मेक्सिको सिटीत २०१८ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने आणि झाहा हदीद आर्किटेक्ट्सने काँक्रीटचं एक वळणदार कवच असंच उभारलं. सेंटरिंगचं, म्हणजे काँक्रीट ज्यावर चढवायचं त्या साच्याचं, कापड यंत्रावर ३६ तासांत विणून सूटकेसमधून विमानाने नेलं. तारांच्या जाळीवर ते ताणलं, वर सिमेंटचा पातळ थर देऊन कडक केलं, मग काँक्रीट चढवलं. कापड आणि तारा मिळून साचा ५५ किलोंचा, त्यावर काँक्रीट पाच टनांहून जास्त. नंतर सेंटरिंग काढायचा प्रश्नच नव्हता. रंगीत विणकाम आतल्या बाजूला तसंच ठेवलं.