अमेरिकेतील काउंटी विवाह परवाना आणि विवाहनोंदी

काउंटी विवाह परवाना : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लग्न लागण्यापूर्वी काउंटीच्या कार्यालयातून घ्यावी लागणारी लेखी परवानगी. लग्न लागल्यावर हाच कागद सह्यांनिशी परत जातो आणि त्याची विवाहनोंद होते. काउंटी हा राज्याखालचा प्रशासकीय विभाग, ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यासारखा. देशात असे ३,१०० च्या आसपास विभाग आहेत; लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. महाराष्ट्रात सहसा लग्न आधी लागते आणि नोंदणी मागाहून, बऱ्याचदा व्हिसाची फाइल उघडल्यावर, होते. अमेरिकेत कागद आधी, अक्षता नंतर.

परवाना आणि दाखला यांत लोक हमखास गल्लत करतात. मॅरेज लायसन्स म्हणजे या दोघांना लग्न करायला कायद्याची आडकाठी नाही एवढाच निर्वाळा. त्याला मुदत असते आणि ती संपली की तो बाद. मॅरेज सर्टिफिकेट म्हणजे लग्न झाल्याचा पुरावा. बँक, पासपोर्ट कार्यालय, विमा कंपनी, इमिग्रेशन खाते, सगळ्यांना हवा असतो तो दुसरा कागद, आणि तोही सर्टिफाइड कॉपीच्या रूपात.

कोणाचा अधिकार

विवाहाचा कायदा हा तिथे राज्यांचा विषय आहे. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारकडे सगळ्या देशातल्या विवाहांचे एकत्रित रजिस्टर नाही, त्यामुळे देशभर चालेल असा परवानाही नाही. राज्याने कायदा करायचा आणि काउंटीने तो राबवायचा, अशी वाटणी. मात्र काउंटीतले नेमके कुठले टेबल, हे राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्निया, टेक्सस, इलिनॉय येथे काउंटी क्लार्क, म्हणजे काउंटीचे दफ्तर सांभाळणारा अधिकारी. व्हर्जिनिया व मेरीलँडमध्ये सर्किट कोर्टाचा क्लार्क. कॅन्ससमध्ये डिस्ट्रिक्ट कोर्टाचा क्लार्क. ओहायो, जॉर्जिया व साउथ कॅरोलायनात प्रोबेट कोर्ट, म्हणजे मृत्युपत्रे आणि वारसाहक्काचे दावे पाहणारे न्यायालय. पेन्सिल्व्हेनियात हे काम ऑर्फन्स कोर्टाच्या क्लार्ककडे आहे. पोरक्या मुलांच्या मालमत्तेची देखरेख करणाऱ्या जुन्या न्यायालयाच्या दारात नवरा-नवरी रांग लावतात, हा इतिहासाचा विनोदच. मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, न्यू जर्सी या राज्यांत काउंटीचा संबंधच येत नाही. तिथे गावाचा किंवा शहराचा क्लार्क अथवा रजिस्ट्रार परवाना देतो. न्यू यॉर्क शहरातही सिटी क्लार्ककडेच जावे लागते.

ओहायोतील रीत

न्यायालयातून परवाना घेण्याची पद्धत पाहायची तर ओहायो सोयीचे, कारण तिथे परवाना देणे आणि नोंद जपणे ही दोन्ही कामे एकाच छपराखाली होतात. १८५१ च्या राज्यघटनेने प्रोबेट कोर्टे निर्माण झाली. त्याआधी विवाहनोंदी कोर्ट ऑफ कॉमन प्लीज या काउंटीच्या सर्वसाधारण न्यायालयाकडे असत. राज्यात ८८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीत प्रोबेट न्यायाधीश.

दोघांपैकी कोणीही ओहायोचे रहिवासी असेल, तर ज्या काउंटीत एक जण तरी राहतो तिथेच अर्ज करावा लागतो. तो परवाना घेऊन लग्न मात्र राज्यात कुठेही लावता येते. दोघेही परराज्यातले किंवा परदेशातले असतील तर उलट नियम : जिथे लग्न लागणार त्याच काउंटीचे कोर्ट गाठायचे. सरकारी ओळखपत्र लागते, आणि आधी लग्न झालेले असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत. सोशल सिक्युरिटी क्रमांक असेल तर तोही विचारतात. रक्ततपासणी नाही, थांबावे लागत नाही. शुल्काचा एक हिस्सा कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडलेल्यांच्या निवाऱ्यांना जातो. लग्नाच्या खिडकीवर ही तजवीज करणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

अर्जावरची शपथ मात्र वाचून घ्यावी. आपण चुलत-मावस भावंडांच्या पुढच्या पिढीपेक्षा जवळचे नातेवाईक नाही, असे दोघांनी लिहून द्यायचे असते. आपल्याकडे अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न रूढीने चालते आणि हिंदू विवाह कायदाही रूढी असेल तर ते मानतो. ओहायोत त्याला परवाना मिळत नाही. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्कमध्ये मिळतो. दुसरीकडे रीतसर झालेले असे लग्न ओहायोला अमान्य नाही, हा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये दिला. अर्जदार दारूच्या अमलाखाली असेल तर न्यायाधीशाने परवाना देऊ नये, असेही कलम आहे.

परवाना ६० दिवस चालतो. लग्न लावणारी व्यक्ती धर्मगुरू असेल तर तिने आधी राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून विवाह लावण्याचा परवाना घेतलेला असावा लागतो. लग्न लागले की तीस दिवसांच्या आत तिने सही करून विवाहाचा दाखला कोर्टाकडे परत पाठवायचा. सगळी साखळी तुटते ती इथेच. मंडप उतरतो, पाहुणे जातात, आणि कागद गुरुजींच्या पिशवीत राहतो. तो परत गेला नाही तर कोर्टाच्या पुस्तकात परवाना दिल्याची नोंद दिसते, लग्नाची दिसत नाही. मग प्रतिज्ञापत्रे जमवत बसा.

मुदती आणि प्रतीक्षा

अर्ज केला म्हणून लगेच लग्न लावता येईलच असे नाही. न्यू यॉर्कमध्ये २४ तास थांबावे लागते, टेक्ससमध्ये ७२ तास, पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन व वॉशिंग्टन राज्यात तीन दिवस. नेवाडात थांबायचे नाही आणि परवाना वर्षभर टिकतो. लास व्हेगासचे क्लार्क काउंटीचे विवाह परवाना कार्यालय तर सुट्टीच्या दिवशीसुद्धा सकाळी आठ ते मध्यरात्रीपर्यंत उघडे असते. ही चढाओढ जुनीच. मेरीलँडमधले एल्कटन हे गाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलाडेल्फिया-न्यू यॉर्कहून पळून आलेल्या जोडप्यांसाठी गाजले, कारण तिथे वाट पाहावी लागत नव्हती. १९३८ मध्ये राज्याने ४८ तासांची अट घातली आणि त्या धंद्याचा जोर ओसरला.

भौगोलिक अट अधिक फसवी. कॅलिफोर्नियात कुठल्याही काउंटीचा परवाना राज्यभर चालतो. इलिनॉयमध्ये ज्या काउंटीचा परवाना त्याच काउंटीत लग्न. शिकागोत राहणाऱ्या जोडप्याचा हॉल उपनगरात ड्यूपेज काउंटीत असेल, तर घराजवळच्या कुक काउंटीचा परवाना तिथे उपयोगाचा नाही.

इतिहास

ही पद्धत इंग्लंडमधून आली. तिथे चर्चमध्ये तीन रविवारी लग्नाची जाहीर घोषणा व्हायची आणि ज्याला ती नको असेल त्याने परवाना विकत घ्यायचा. दक्षिणेकडच्या वसाहतींत नवरा आणि एक जामीन मिळून बंधपत्र लिहून देत : लग्नाला कायदेशीर अडथळा निघाला तर ठरलेली रक्कम भरू. राज्यांनी सक्तीचा परवाना आणला तो सावकाश आणि वेगवेगळ्या वेळी. पेन्सिल्व्हेनियाने १८८५ मध्ये, न्यू यॉर्क राज्याने १९०८ मध्ये, साउथ कॅरोलायनाने १९११ मध्ये.

परवाना हे गाळण्याचेही साधन होते. १९३५ मध्ये कनेटिकटने लग्नाआधी सिफिलिससाठी रक्ततपासणी सक्तीची केली आणि इतर राज्ये मागोमाग आली. पेनिसिलिन आल्यावर तिला अर्थ उरला नाही, तरी लग्नाआधीच्या रक्ततपासणीची मोंटानातली उरलीसुरली अट (तिथे ती रुबेलासाठी होती) जायला २०१९ उजाडले. वंशाचा रकाना याहून वाईट. अनेक राज्यांत गोरे व गौरेतर यांच्या विवाहाला बंदी होती आणि ती क्लार्कच्या खिडकीवरच अमलात यायची. कॅलिफोर्नियाच्या इंपिरियल खोऱ्यात शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली, त्यामागे हेही एक कारण होते : दोघांचा रंग सारखाच दिसतो म्हणून क्लार्क परवाना देत. कॅलिफोर्नियाची बंदी १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

व्हर्जिनियाच्या कॅरोलाइन काउंटीतील गोरे रिचर्ड आणि गौरेतर मिल्ड्रेड लव्हिंग यांनी जून १९५८ मध्ये वॉशिंग्टन शहरात जाऊन परवाना काढला व लग्न केले. पुढच्याच महिन्यात रात्री शेरीफ त्यांच्या शयनगृहात शिरला. त्यांनी भिंतीवर टांगलेला विवाहाचा दाखला दाखवला. तो इथे चालत नाही, असे उत्तर मिळाले. एक वर्षाची शिक्षा आणि ती टाळायची तर पंचवीस वर्षे राज्याबाहेर, असा निकाल लागला. १२ जून १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे सर्व कायदे घटनाबाह्य ठरवले. तरीही व्हर्जिनियाच्या अर्जावर वंश लिहिण्याची सक्ती २०१९ मध्ये एका फेडरल न्यायाधीशाने ती मोडीत काढेपर्यंत होतीच.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २६ जून २०१५ च्या ओबर्गफेल निकालाने समलिंगी जोडप्यांनाही परवाना देणे बंधनकारक झाले. केंटकीच्या रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी तो देण्यास नकार दिला आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना काही दिवस तुरुंगात काढावे लागले. अलाबामात काही प्रोबेट न्यायाधीशांनी सगळ्यांनाच परवाने देणे थांबवले होते. त्या राज्याने २९ ऑगस्ट २०१९ पासून परवानाच रद्द केला. आता जोडप्याने एक नमुना भरून नोटरीसमोर सह्या करायच्या आणि तीस दिवसांत प्रोबेट कोर्टात नोंदवायचा, समारंभ ऐच्छिक. अंगावरचे घोंगडे झटकण्यासाठी केलेली ही सुधारणा व्यवहारात सगळ्यांत सुटसुटीत ठरली, हे मान्य करावे लागते.

नोंद मिळवणे

जुनी नोंद हवी असेल तर पहिला प्रश्न एकच : परवाना कुठल्या काउंटीने दिला? लग्न कुठे लागले किंवा जोडपे आता कुठे राहते, यावरून शोध घेणारे बरेचदा चुकीच्या कार्यालयात पोहोचतात. काउंटी कळली की दोघांची लग्नाच्या वेळची नावे आणि अंदाजे तारीख पुरते. अर्ज प्रत्यक्ष, टपालाने किंवा अनेक ठिकाणी ऑनलाइन करता येतो. राज्याचे आरोग्य खातेही काही राज्यांत प्रत देते, पण ओहायोत ते फक्त सूची धुंडाळू शकते. सर्टिफाइड कॉपी प्रोबेट कोर्टाचीच. चर्चमध्ये मिळालेला सोनेरी कडांचा, रिबीन बांधलेला दाखला फ्रेम करायला उत्तम, सरकारी कामाला निरुपयोगी. प्रतीवर कोर्टाचा शिक्का आणि क्लार्कची सही हवी. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी खासगी संकेतस्थळे याच कामाचे जास्त पैसे घेतात, त्यामुळे काउंटीचे स्वतःचे पान उघडलेले बरे.

नोंद कोणाला पाहता येते, याचेही एक सूत्र नाही. ओहायोत विवाहनोंद सार्वजनिक आहे. लास व्हेगासच्या क्लार्क काउंटीची सूची घरबसल्या चाळता येते. न्यू यॉर्क शहर पन्नास वर्षांच्या आतील नोंद सहजासहजी तिऱ्हाइताला देत नाही. कॅलिफोर्नियात गोपनीय परवान्याचा स्वतंत्र प्रकारच आहे : साक्षीदार लागत नाही आणि जोडप्याखेरीज इतरांना प्रत हवी तर न्यायालयाचा आदेश आणावा लागतो.

वंशावळ शोधणाऱ्यांसाठी काउंटीची जुनी पुस्तके हा खजिना. मात्र कोर्टाची इमारत जळाली की खजिनाही जातो. १८७१ च्या शिकागोच्या आगीत कुक काउंटीच्या त्याआधीच्या नोंदी नष्ट झाल्या, आणि व्हर्जिनियात तर अशा दफ्तरे गमावलेल्या काउंट्यांना संशोधक जळित काउंट्या म्हणूनच ओळखतात.

मराठी कुटुंबांचा संबंध

अमेरिकेतल्या मराठी घरांत या कागदाशी गाठ दोन वाटांनी पडते. पहिली, लग्न भारतात झालेले असते. इथे पुन्हा रजिस्टर करायचे का, हा प्रश्न नव्याने आलेला प्रत्येक जण विचारतो. जिथे लग्न झाले तिथल्या कायद्याने ते वैध असेल तर अमेरिका ते सर्वसाधारणपणे मानते, आणि बहुतेक काउंट्या दुसरीकडे झालेल्या लग्नाची नोंद करून घेतच नाहीत. लागतो तो महाराष्ट्रातला दाखला : १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली महापालिकेने, नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने दिलेला. लग्नपत्रिका आणि अल्बम हे जोडीला दाखवायचे पुरावे, दाखल्याची जागा ते घेत नाहीत. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे लग्नाची नोंदणी आधीपासून रुजलेली आहे, तेव्हा तिथल्या कुटुंबांना ही अडचण कमी येते.

दुसरी वाट म्हणजे काउंटीत कोर्ट मॅरेज उरकून नंतर पुण्या-नाशिकला विधिवत लग्न. तारखा दोन होतात. घरच्यांच्या लेखी मुहूर्ताची तारीख खरी, पण व्हिसा आणि करविवरणाच्या कागदांवर काउंटीच्या दाखल्यावरची तारीख लिहावी लागते. दोन फॉर्मवर दोन तारखा गेल्या की प्रश्न विचारले जातात.

नावाचा घोळ खास आपला. लग्नानंतर पतीचे पहिले नाव मधले नाव म्हणून लावायची मराठी पद्धत. कॅलिफोर्नियात परवान्याच्या अर्जावरच नवे नाव निवडता येते, पण मधल्या नावासाठी कायद्याने दिलेले पर्याय आडनावांभोवती फिरतात. जोडीदाराचे पहिले नाव त्यांत बसत नाही. ते हवे असेल तर न्यायालयात नावबदलाचा वेगळा अर्ज. आणि परवान्यावर एकदा लिहिलेले नवे नाव नंतर मन बदलले म्हणून दुरुस्त करून मिळत नाही.

काउंटीचा दाखला भारतात वापरायचा तर त्याला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणन, लागते. भारत २००५ मध्ये त्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. काउंटीकडून ताजी सर्टिफाइड कॉपी घ्यायची आणि त्याच राज्याकडून, सहसा तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून, तिच्यावर अपोस्टिल चढवायचे. ओहायोचा दाखला न्यू जर्सीत राहायला गेल्यावरही ओहायोच्या राजधानीला, कोलंबसलाच, पाठवावा लागतो. न्यू यॉर्कमध्ये मध्ये काउंटी क्लार्कच्या साक्षांकनाची आणखी एक पायरी असते. विदेशी जोडीदारासाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड काढताना हाच दाखला लागतो, आणि नोंदणी झालेले लग्न अर्जाआधी सलग दोन वर्षे टिकलेले असावे लागते.