सीलबंद टॉर्च बंद पडली म्हणजे एलईडीच गेली का?

"सीलबंद टॉर्च बंद पडली म्हणजे एलईडी जळाली, उघडून उपयोग नाही, फेकून द्या." खानापूर-निपाणीकडे हे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतंय. समज पटण्यासारखा आहे. जुन्या टॉर्चचा बल्ब खरंच जळायचा. एलईडी मात्र हजारो तास टिकते. तिच्या आधी बिघडतात ते सेल, स्विच आणि धातूला धातू टेकण्याच्या जागा. रात्रीच्या लाईटला उसाला पाणी पाजताना ओल्या हातांनी सेल बदलले, की ओल आत गेलीच म्हणा.

खात्री कशी करायची? आधी चार्ज केलेला सेल घाला. तरी पेटत नसेल आणि बटण मागच्या झाकणात असेल, तर ते झाकण फिरवून काढा. अॅल्युमिनियमच्या नळीची कड बिनरंगाची, चकचकीत दिसेल. ती कड आणि सेलचं मागचं टोक वायरच्या तुकड्याने जोडा. (सेलची दोन टोकं एकमेकांना जोडू नका!) उजेड पडला तर एलईडी ठणठणीत, दोष झाकणाकडचा: मळलेले आटे किंवा स्विच.

कड आणि आटे स्पिरिटने पुसा. रबरी रिंगेला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. चिरलेली रिंग बदलाच, पाणी तिथूनच शिरतं. फुगलेला सेल मात्र परत घालू नका.