वाट पाहणारा बचावपटू: आइस हॉकीच्या खालच्या लीगची पार्श्वभूमी

2004 च्या उन्हाळ्यात टोरंटोचा एक वीस वर्षांचा मुलगा यॉर्क विद्यापीठात बिझनेस शिकायला जायच्या तयारीत होता. मार्क जिओर्डानो त्याचं नाव. ओवेन साउंडच्या ज्युनियर संघाकडून दोन हंगाम बचावपटू म्हणून तो खेळला होता. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वोच्च लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत, तेव्हा नऊ फेऱ्या असायच्या, तीस संघ अडीचशेहून जास्त नावं घ्यायचे. त्यात सलग दोन वर्षं याचं नाव कुणीच घेतलं नाही. मग कॅल्गरी फ्लेम्सने उन्हाळी शिबिराला बोलावलं, त्याचा खेळ पाहून तीन वर्षांचा करार पुढे केला आणि त्याला एएचएलमध्ये, म्हणजे एनएचएलच्या लगेच खालच्या लीगमध्ये, पाठवून दिलं.

असे मुलगे दरवर्षी असतात. संघाच्या यादीत नाव शेवटून दुसरं-तिसरं, अंगावरचा शर्ट बहुधा सत्तराच्या पुढच्या आकड्याचा, राहणं भाड्याच्या खोलीत. त्यांच्याकडे आज ज्या नजरेने पाहिलं जातं ती नजर घडायला बराच काळ लागला आहे आणि त्यासाठी काही माणसांना फार सोसावं लागलं आहे.

आधी बचावपटूच का, ते सांगायला हवं. पुढे खेळणाऱ्या पोराची गुणवत्ता लपत नाही. वेग, हात, गोल हे सगळं अठराव्या वर्षीही डोळ्यांत भरतं. बचावाचं तसं नाही. टोरंटोत मार्लीजच्या, म्हणजे एएचएलच्या, सामन्याला कोपऱ्याजवळच्या काचेला लागून बसा आणि एकच प्रसंग नीट पाहा. समोरचा संघ पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, तुमच्या कोपऱ्यात भिरकावतो. बचावपटू पाठमोरा होऊन त्यामागे धावतो. पकपाशी पोचेपर्यंत त्याने दोनदा मान वळवून मागे पाहिलेलं असायला हवं: कोण येतंय, कुठल्या खांद्यावरून, माझा जोडीदार कुठे आहे. गोलरक्षक आणि जोडीदार ओरडत असतात, ‘व्हील!’, ‘रिव्हर्स!’, ‘ओव्हर!’ व्हील म्हणजे पक घेऊन गोलच्या मागून वळसा मार, रिव्हर्स म्हणजे आलास त्याच बाजूला फळीवरून परत सोड, ओव्हर म्हणजे दुसऱ्या बाजूच्या जोडीदाराकडे दे. हे ऐकून निर्णय घ्यायला जेमतेम दोन सेकंद मिळतात, आणि त्या दोन सेकंदांच्या शेवटी नव्वद किलोचा माणूस पूर्ण वेगात अंगावर आदळणार असतो. बरोबर केलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं तर मागचा गोल झाल्याचा लाल दिवा लागतो, आणि सगळं स्टेडियम त्या पोराच्या पाठीवरचा आकडा वाचतं.

हे शिबिरात शिकवून येत नाही, वारंवार होऊन अंगात मुरतं. बचावपटू घडायला अडीचशे-तीनशे सामने लागतात, असं हॉकीतली जुनी माणसं म्हणतात. मला हा हिशोब पटतो. म्हणून बचावपटूच्या बाबतीत खरा प्रश्न एकच उरतो: तेवढे सामने त्याला कुठे मिळतात, आणि त्या काळात त्याचा वेळ कुणाच्या मालकीचा असतो?

एके काळी तो पूर्णपणे संघाच्या मालकाचा होता. 1942 ते 1967 या पंचवीस वर्षांत एनएचएलमध्ये फक्त सहा संघ होते. प्रत्येकी पाच-सहा बचावपटू धरले तरी अख्ख्या जगात या कामाच्या जागा तीस-पस्तीस. ड्राफ्ट 1963 मध्ये सुरू झाला, तोही मॉन्ट्रियलच्या एका हॉटेलात, आणि पहिल्या वर्षी त्यात फक्त 21 मुलं निवडली गेली, कारण बाकीची बहुतेक आधीच संघांनी बांधून घेतलेली होती. बांधण्याचं साधन म्हणजे ‘सी-फॉर्म’ नावाचा कागद. कोवळ्या वयाच्या मुलाच्या हाती थोडे डॉलर ठेवायचे, त्याची आणि वडिलांची सही घ्यायची, की व्यावसायिक खेळाचा त्याचा हक्क त्या एका संघाकडे गेला. वर जागा नाही, दुसरीकडे जायची मुभा नाही. अशी माणसं मग एएचएलमध्ये वर्षानुवर्षं खेळत राहायची. ही लीग 1936 मध्ये दोन लीग एकत्र येऊन उभी राहिली, 1940 पासून तिचं आजचं नाव आहे, आणि त्या काळात तिथला चांगला संघ एनएचएलच्या तळच्या संघाला सहज घाम फोडू शकला असता.

मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा संघ असाच होता. 1960, 1961, 1962 असा सलग तीन वेळा त्याने एएचएलचा कॅल्डर चषक जिंकला. मालक एडी शोर. स्वतः बचावपटू, बॉस्टन ब्रुइन्सचा, आणि थोरच. एनएचएलमध्ये सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक त्याने चार वेळा मिळवला होता. 1939 मध्ये त्याने हा संघ विकत घेतला आणि पुढे जवळपास तीन दशकं तो आपल्या मर्जीने चालवला. स्केटिंगचं त्याचं ज्ञान खोल होतं, हे त्याला शिव्या घालणारे खेळाडूही मान्य करत. पण पायांमधलं अंतर ठरावीक राहावं म्हणून पाय बांधून स्केटिंग करायला लावणं, हॉटेलच्या लॉबीत टॅप डान्सच्या पावलांचा सराव घेणं, पगार अडवणं, असा त्याचा कारभार होता. मर्जीतून उतरलेल्यांची वेगळी टोळी असायची. त्यांनी सराव करायचा, सामना मात्र खेळायचा नाही, उलट स्टेडियममध्ये पॉपकॉर्न विकायचं, दिवे बदलायचे. त्यांना ‘ब्लॅक एसेस’ म्हणत. आज प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या, वेळी एनएचएल संघ खालच्या लीगमधली मुलं राखीव म्हणून वर बोलावतो, त्यांनाही हेच नाव आहे. पोरं ते अभिमानाने मिरवतात. त्यामागे पॉपकॉर्नची पाटी आहे हे किती जणांना माहीत असेल?

1966 च्या डिसेंबरात हे फुटलं. खेळात जीव नाही असं कारण देऊन शोरने तीन खेळाडूंना बिनपगारी निलंबित केलं: बिल व्हाइट, डेल रोल्फ, डेव्ह अमाडिओ. तिघेही बचावपटू. बाकीच्या संघाने त्यांच्या बाजूने उभं राहून खेळायला नकार दिला. खेळाडूंनी टोरंटोच्या अॅलन ईगलसन या तरुण वकिलाला बोलावलं, आणि काही आठवड्यांत शोरला रोजच्या कारभारातून बाजूला व्हावं लागलं. त्याच जोरावर 1967 मध्ये एनएचएल खेळाडूंची संघटना उभी राहिली. पुढे याच ईगलसनने खेळाडूंच्या पैशात अफरातफर केली आणि 1998 मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला, हे वाचताना आजही वाईट वाटतं. तरी स्प्रिंगफील्डच्या त्या ड्रेसिंग रूममध्ये जे घडलं त्याचं मोल कमी होत नाही. ज्यांना वर कुणी विचारत नव्हतं अशा माणसांनी हे केलं होतं.

त्या तिघांतल्या बिल व्हाइटचं पुढे काय झालं, ते मुद्दाम सांगायला हवं. 1967 मध्ये एनएचएल सहाची बारा संघांची झाली. नव्या लॉस एंजेलिस किंग्जच्या मालकाने स्प्रिंगफील्डचे खेळाडूच घेतले, आणि व्हाइट वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी एनएचएलमध्ये नवखा म्हणून उतरला. पाच वर्षांनी, 1972 मध्ये, सोव्हिएत संघाविरुद्धच्या प्रसिद्ध आठ सामन्यांच्या मालिकेत तो कॅनडाचा बचावपटू होता. तोच माणूस, तेच पाय, तीच समज. स्प्रिंगफील्डच्या पाच हंगामांत त्याच्यात काय कमी होतं? मला वाटतं, फक्त जागा कमी होती.

संघ वाढत गेले तशा जागा वाढल्या. सी-फॉर्म गेला, 1969 पासून ड्राफ्ट खऱ्या अर्थाने सगळ्यांसाठी खुला झाला. 1988 मध्ये पाच संघांची ईसीएचएल निघाली आणि एएचएलच्या खाली आणखी एक पायरी तयार झाली. ती पायरी किती खाली आहे आणि तिथून किती वर जाता येतं, हे डेरिक एंगलंडकडे पाहिलं की कळतं. 2000 च्या ड्राफ्टमध्ये 194 वा आलेला हा बचावपटू 2003 ते 2005 लास व्हेगासमध्ये ईसीएचएलच्या रँगलर्सकडून खेळला. एनएचएलचा पहिला सामना मिळायला 2009 उजाडलं. त्याने घर मात्र लास व्हेगासलाच केलं होतं. 2017 मध्ये त्या शहराला एनएचएलचा संघ मिळाला तेव्हा त्याला परत बोलावणं आलं. पहिल्या घरच्या सामन्याच्या नऊच दिवस आधी शहरात भीषण गोळीबार झाला होता. शहराच्या वतीने बर्फावर उभं राहून कुणी बोलायचं, याचा विचार फार करावा लागला नसेल. तो बोलला, आणि त्याच सामन्यात त्याने गोलही केला.

जिओर्डानोकडे परत येऊ. त्याचा पहिला संघ लॉवेल लॉक मॉन्स्टर्स. लॉवेल हे मॅसॅच्युसेट्समधलं जुनं कापडगिरण्यांचं गाव, आपल्या गिरणगावासारखं, आणि तिथल्या कालव्यांच्या झडपांवरून संघाचं हे नाव. योगही असा की 2004-05 मध्ये मालक आणि खेळाडूंच्या भांडणात एनएचएलचा अख्खा हंगाम रद्द झाला. त्यामुळे एरवी वर खेळली असती अशी मुलं त्या वर्षी एएचएलमध्ये होती. लॉवेलमध्येच एरिक स्टाल आणि कॅम वॉर्ड होते. पुढच्याच वर्षी या दोघांनी कॅरोलायनाला स्टॅनली चषक, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, मिळवून दिला. कुणीही न निवडलेल्या पोराला रोजच्या सरावात समोर कोण होतं, याचा अंदाज यावरून यावा. त्याने 66 सामन्यांत 16 गुण केले. गुण म्हणजे स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास यांची बेरीज. डोळे दिपावेत असा हा आकडा नाही.

दुसऱ्या वर्षी तो नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाला गेला. त्या संघाचं नाव अक-सार-बेन नाइट्स, नेब्रास्का हे नाव इंग्रजीत उलटं वाचलं की ते मिळतं. तिथे 73 सामन्यांत 58 गुण. दरम्यान मालक-खेळाडूंचं भांडण मिटल्यावर एनएचएलने नियम बदलले होते. दोन रेषा ओलांडणारा लांब पास आता चालत होता, समोरच्याला काठीने अडकवून धरणं पंच खपवून घेत नव्हते. नुसत्या अंगाने वाट अडवणाऱ्या धिप्पाड बचावपटूंचे दिवस त्यामुळे अवघड झाले. पक उचलून स्वतः पुढे नेणाऱ्या, पायांनी चपळ मुलांना मागणी आली. संघांच्या पगाराला 3 कोटी 90 लाख डॉलरची कमाल मर्यादाही लागली, त्यामुळे कमी पगारात खेळणारा तयार तरुण एकदम मोलाचा ठरला. 2006 च्या जानेवारीत जिओर्डानो कॅल्गरीकडून पहिला सामना खेळला.

आणि तरीही तो काठावरच होता. 2007 मध्ये कॅल्गरीने त्याला ‘टू-वे’ करार देऊ केला. म्हणजे वर खेळलास तर एक पगार, खाली पाठवलं तर त्याहून कितीतरी कमी दुसरा. त्याला ‘वन-वे’ हवा होता, कुठेही खेळलो तरी पगार तोच. जमलं नाही, तेव्हा तो सरळ रशियात डायनॅमो मॉस्कोकडून खेळायला निघून गेला. बिल व्हाइटच्या काळात हे दार नव्हतंच. वर्षभराने कॅल्गरीने तीन वर्षांचा करार देऊन त्याला परत आणलं.

आजच्या मुलासाठी नियम आणखी बारकाईने बांधलेले आहेत. एएचएलच्या सामन्यात उतरणाऱ्या 18 स्केटरांपैकी, म्हणजे गोलरक्षक सोडून बाकीच्या खेळाडूंपैकी, 13 शिकाऊ गटातले असावे लागतात. त्यांतले 12 असे की ज्यांचे व्यावसायिक सामने 260 पेक्षा जास्त नाहीत, एकाला 320 पर्यंत सूट. जुने मुरब्बी फक्त पाच. ते ‘अडीचशे-तीनशे सामने’ जणू नियमातच उतरले आहेत. सुरुवातीची काही वर्षं संघ मुलाला हवं तेव्हा वर-खाली करू शकतो. ती मुदत संपली की खाली पाठवण्यापूर्वी त्याचं नाव ‘वेव्हर्स’वर टाकावं लागतं, म्हणजे 24 तास बाकी कुठलाही संघ त्याला उचलून नेऊ शकतो. स्प्रिंगफील्डसारखं एखाद्याला वर्षानुवर्षं अडवून ठेवणं त्यामुळे कठीण झालं. पण तीच घड्याळाची टिकटिक मुलाच्या विरुद्धही चालते. 260 सामने झाले की तो मुरब्ब्यांच्या पाच जागांसाठी भांडायला उभा राहतो, आणि त्याची शिकाऊ जागा नव्या ड्राफ्टमधून आलेल्या पोराला मिळते. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवसांत तीन सामने आणि मधला प्रवास बसने, असा आठवडा आजही येतो, आणि रविवारच्या तिसऱ्या सामन्यात थकलेल्या पायांनी कोपऱ्यातला पक कोण नीट काढतो, हे प्रशिक्षक टिपून ठेवतात.

जिओर्डानो 2013 मध्ये कॅल्गरीचा कर्णधार झाला. 2018-19 च्या हंगामात त्याने 78 सामन्यांत 74 गुण केले, आणि 2019 च्या जूनमध्ये सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याच्या हाती आला. तेव्हा त्याचं वय 35 होतं, आणि लॉवेलच्या बर्फावर उतरल्याला पंधरावं वर्ष चालू होतं.