पांढऱ्या शेपटीच्या हरणाची उत्तरहंगामी शिकार

उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या (ओडोकॉइलिअस व्हर्जिनिॲनस) पूर्ण वाढीच्या नराची, माजाचा भर ओसरल्यावर केली जाणारी शिकार. माजाच्या काळाला तिकडचे शिकारी ‘रट’ म्हणतात. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत त्याचा भर नोव्हेंबरच्या मध्यावर असतो, दक्षिण टेक्ससमध्ये डिसेंबरात, तर अलाबामाच्या बऱ्याच भागात जानेवारीत. माज ठरतो तो दिवस लहान होण्यावरून. थंडीची लाट किंवा चंद्राच्या कला त्याला पुढेमागे करत नाहीत, शिकारी काहीही म्हणोत. गर्भकाळ सुमारे २०० दिवसांचा असल्याने उत्तरेत पाडसे कोवळ्या चाऱ्याच्या दिवसांत जन्मतात.

मादी जेमतेम एक-दोन दिवस माजावर असते. ऐन भरात पुष्कळ माद्या एकाच सुमारास माजावर येतात. तेव्हा मोठा नर एकीला गाठून दाट झुडपात तिच्याजवळच थांबतो आणि दिसेनासा होतो. शिकाऱ्यांच्या बोलीत हे ‘लॉकडाउन’. शब्द करोनाच्या आधीचा. पुढे माजावरच्या माद्या विरळ होतात आणि नराला पुन्हा वणवण करावी लागते. उत्तरहंगामी शिकारीचा सगळा भरवसा या वणवणीवर. गर्भ न राहिलेली मादी साधारण २८ दिवसांनी परत माजावर येते. आयोवा-इलिनॉयसारख्या मक्याच्या मुलखात चांगली पोसलेली, त्याच वर्षी जन्मलेली काही मादी पाडसेही डिसेंबरात माजावर येतात. याला ‘दुसरा रट’ म्हणतात. नाव भारदस्त असले तरी प्रकार तुरळकच.

एव्हाना चार-पाच वर्षांच्या नराचे वजन पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक घटलेले असते. शिवाय त्याने बंदुकांचे आवाज ऐकलेले असतात. विस्कॉन्सिनमधला नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम तर भर ओसरता ओसरताच सुरू होतो. असा नर उजेडी उघड्यावर येणे टाळतो. म्हणून जाणता शिकारी नराच्या मागे न लागता माद्यांवर नजर ठेवतो: त्या कुठे चरतात, कुठे बसतात. कापणी झालेले मक्याचे शेत, कापायचे राहिलेले उभे सोयाबीन, ओकच्या फळांचा सडा या त्यांच्या चरायच्या जागा. मोठा नर थेट शेतात शिरत नाही. माद्यांच्या झुडपावरून येणारा वारा हुंगत तो वारा वाहत जातो त्या बाजूने निघून जातो. मचाण त्या वाटेवर हवे, आणि शिकाऱ्याचा वास वाटेकडे जायला नको. शिंगांवर शिंगे आपटून झुंजीचा आवाज काढण्याची युक्ती भराआधी जास्त चालते. थकलेला नर झुंज टाळतो, त्याला हलकी हुंकाराची शिट्टी पुरते.

माज सरला की नराच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन उतरते आणि शिंगे गळतात, काहींची डिसेंबरअखेरीस, बहुतेकांची मार्चपर्यंत. शिंगे गळालेला नर लांबून मादीच वाटतो आणि मादीच्या परवान्यावर चुकून मारला जातो.